न बघता वाजवता येईल असा प्लेअर

श्रोतेहो, नमस्कार.

फोनमध्ये गाणी वाजतात, मग वेगळा म्युझिक प्लेअर कशाला, असं मला वरचेवर विचारलं जातं. २०२२ साली ॲपलने आयपॉड बंद केला, तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता हा प्रकारच संपला. तो संपलेला नाही. गाणं ऐन रंगात येतं, तेवढ्यात फोनवर मेसेज येतो, आपण वाचायला लागतो आणि गाणं कधी संपलं हे कळतही नाही. ज्याला मन लावून ऐकायचं आहे, त्याच्याकडे फक्त गाणं वाजवणारी एक वस्तू असावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच मी पहिली परीक्षा घेतो ती बटणांची. प्लेअर खिशात टाका. हात आत घाला आणि न बघता गाणं थांबवा, पुढचं लावा, आवाज कमी करा. हे तिन्ही जमलं, तरच पुढचं बघायचं. सगळा कारभार टचस्क्रीनवर असेल, तर दर वेळी प्लेअर बाहेर काढावा लागतो. बटणं लॉक करायची सोयही हवी, नाहीतर खिशातल्या किल्ल्यांचा धक्का लागून गाणं भलतीकडेच जातं.

दुसरी परीक्षा आपल्याच गाण्यांची. दुकानात आधीपासून भरून ठेवलेली गाणी बहुतेक प्लेअरवर छानच वाजतात. त्यापेक्षा मेमरी कार्डवर स्वतःची आठ-दहा गाणी घेऊन जा. त्यात एक सलग मैफल असू द्या, तुकडे करून साठवलेली. एमपीथ्री फाइल तयार होताना तिच्या सुरुवातीला आणि शेवटी क्षणभराची शांतता जोडली जाते. चांगला प्लेअर ती कापून टाकतो आणि दोन तुकडे बेमालूम जोडतो. याला गॅपलेस प्लेबॅक म्हणतात. माझ्या एका जुन्या प्लेअरला हे जमत नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट चालू असायचा, मध्येच कुणीतरी दार लावल्यासारखा आवाज तुटायचा, आणि मग पुन्हा टाळ्या. एकदा ते कानाला कळलं, की नंतर प्रत्येक वेळी तेवढंच ऐकू येतं.

त्याच कार्डवर देवनागरीत नावं दिलेली दोन-चार गाणी ठेवा. काही प्लेअर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दाखवतात, काही वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटवतात. शेकडो गाण्यांच्या यादीत चौकोनच चौकोन दिसले, तर हवं ते गाणं शोधणार कसं?

आता साठवणुकीचं. १९९८ साली पहिले एमपीथ्री प्लेअर आले, तेव्हा त्यांत ३२ एमबी जागा होती. जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. आज ६४ जीबीचं कार्ड अगदी साधं मानतात. सीडीचा आवाज जसाच्या तसा जपणाऱ्या फ्लॅक फाइलला मिनिटाला साधारण पाच-सहा एमबी लागतात, म्हणजे त्या कार्डात दोनशे तासांच्या आसपास संगीत मावतं. ३२० केबीपीएसच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या एमपीथ्रीत त्याच्या दुप्पट. त्यामुळे आतल्या मेमरीसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा कार्डाची खाच असलेला प्लेअर घ्या, आणि तो किती मोठं कार्ड वाचतो ते आधी विचारा.

खोक्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे ठळक छापलेले असतात. त्यांना भुलू नका. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज टिपणारं मोजमाप तेवढ्यासाठी पुरतं. तोच पैसा इअरफोनवर घाला, फरक लगेच जाणवेल. मात्र इअरफोन आणि प्लेअर यांची जोडी जमली पाहिजे. ३०० ओहमचे, म्हणजे विजेला जास्त अडवणारे मोठे हेडफोन लहान प्लेअरला पेलत नाहीत, आवाज मरगळलेला येतो. उलट, कानात घालायचे नाजूक इअरफोन लावले तर काही प्लेअरमधून सतत बारीक खरखर ऐकू येते. गाण्यातल्या शांत जागेवर कान देऊन ती तपासा. ब्लूटूथवरच ऐकणार असाल, तर प्लेअर आणि हेडफोन या दोघांत एकच चांगला कोडेक (आवाज आटोपशीर करून पाठवायची पद्धत) आहे ना, एवढं बघा.

बॅटरीचे छापलेले तास बहुधा स्क्रीन बंद ठेवून मोजलेले असतात. बॅटरी वर्षागणिक थकतेच, म्हणून ती बदलून मिळते का, हे घेतानाच विचारून ठेवा.

शेवटची परीक्षा आवाजाच्या पायऱ्यांची, म्हणजे बटण एकदा दाबलं की आवाज किती वाढतो याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. त्याच्या वर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणून पायऱ्या बारीक हव्यात. त्या मोठ्या असल्या, की एकीवर नीट ऐकू येत नाही आणि पुढची कानावर आदळते. मग आपण पुढचीच निवडतो आणि कानाला त्याचीच सवय होते. रात्री दिवा मालवून अगदी हळू ऐकायची सवय असेल, तर प्लेअर सगळ्यात खालच्या पायरीवर लावून बघा. तीच मोठी वाटली, तर तो तिथेच ठेवा आणि दुसरा दाखवायला सांगा.