सागाच्या ओळी आणि अडीच अंश

(काळा पडदा. लाकडावर प्लास्टिक आदळल्याचा कोरडा आवाज. थोड्या अंतराने पुन्हा. मग हशा, आणि कुणीतरी म्हणतं, "पैलवान, त्याच झाडावर किती राग?")

पैलवानाचा राग झाडावर नाही. त्याला पलीकडं जायचंय आणि साग वाट देत नाही.

कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडला, रत्नागिरी रस्त्याला लागून केर्ली मागं टाकली, की वाघबीळच्या आसपास ऊस विरळ होतो आणि चढ सुरू होतो. याच पट्ट्यात, पन्हाळ्याच्या डोंगराकडं तोंड करून, एका शेतकऱ्याची खासगी झाडी आहे. खालच्या अंगाला सागाची लागवड, वर जांभळाची जुनी झाडं, मध्ये कळकाची बेटं आणि पाय ठेवाल तिथं करवंदीच्या जाळ्या. रविवारी सकाळी इथं सात-आठ जण जमतात. कुणी बँकेत आहे, कुणाचं मोटारसायकलचं गॅरेज आहे, एक अजून तालमीत जातो. प्रत्येकाच्या पाठीवर पिशवी, पिशवीत रंगीत चकत्या. खेळाचं नाव डिस्क गोल्फ.

हिशेब गोल्फचाच. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, डिस्क फेकायची. ती थांबेल तिथून पुढची फेक. शेवटी लोखंडी साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. टीपासून बास्केटपर्यंतचा हा टप्पा म्हणजे एक होल, असे होल मिळून कोर्स. जो कमी फेकींत संपवेल तो जिंकला. काठी नाही, चेंडू नाही, हिरवळीला पाणी घालणारा माळी नाही.

(दृश्य: साखळ्यांवर डिस्क आदळून जाळीत पडते.)

ही साखळ्यांची बास्केट अमेरिकेतल्या एड हेड्रिक यांनी शोधली. खेळणी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत असताना त्यांनी फ्रिस्बीचं रूप सुधारलं. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला. तोवर लोक झाडं, खांब, कचऱ्याचे डबे असलं काहीही लक्ष्य धरून खेळायचे. बास्केटचं पेटंट 1977 चं. 2002 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणं त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. एवढा नाद असलेला माणूस कोल्हापुरात जन्मला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

आज जगात पंधरा हजारांहून जास्त कोर्स आहेत. वाघबीळजवळचा हा नऊ होलचा कोर्स त्यांच्यात मोजायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. बास्केट मात्र अस्सल कोल्हापुरी आहेत.

(दृश्य: उद्यमनगर. वेल्डिंगच्या ठिणग्या, भिंतीला टेकवलेल्या गोल कड्या.)

बाहेरून बास्केट मागवायची तर वाहतुकीचाच खर्च अंगावर येतो. म्हणून मंडळी उद्यमनगरात गेली. इथं पंपाच्या सुट्या भागांपासून ट्रॅक्टरच्या कास्टिंगपर्यंत काहीही बनतं, पण हे काम बघून कारागिरानं आधी विचारलं, "कांद्याचं स्टँड हाय का?" मग माप घेतलं. जाळीची कड जमिनीपासून साधारण 82 सेंटिमीटरवर, वर साखळ्या अडकवायची कडी, मध्ये खांब. पहिल्या बास्केटला त्यानं जाड साखळी लावली आणि खाली आवळून बांधली. दिसायला दणकट. पण डिस्क तिच्यावर आदळून परत अंगावर यायची. साखळीचं काम अडवणं नाही, वेग खाणं आहे. ती ढिली हवी, हलकी हवी, आणि दोन पदरी हवी: बाहेरचा पदर डिस्कला आत घेतो, आतला तिला खांबावरून उसळू देत नाही. हे कळल्यावर कारागिरानंच बाकीची सगळी बास्केट बदलली. आता तो स्वतः साखळी हलवून, आवाज ऐकून सांगतो की ही धरणार की सोडणार.

(दृश्य: पहिल्या होलची टी. समोर सागाच्या दोन ओळी.)

मोकळ्या मैदानावरही हा खेळ होतो. पण माझं मत विचाराल तर मैदानावर लांबी मोजतात, खेळ झाडीत शिरल्यावर सुरू होतो. मैदानात दहा मीटर उजवीकडं गेलेली डिस्क पुढच्या फेकीत सावरता येते. इथं ती पंधराव्या मीटरला खोडावर आपटते आणि तुमच्या मागं येऊन पडते.

पहिला होल सरळ आहे, म्हणून जास्त फसवा. टीपासून वीस मीटरवर दोन सागांमध्ये दोन मीटरची फट. डिस्क 21 सेंटिमीटर रुंद. मधोमध नेम धरलात तर डावीकडं किंवा उजवीकडं अडीच अंशांइतकीच चूक खपते. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, यावरून अंदाज घ्या. आणि फट एकच नाही. समजा, एका फटीतून तुम्ही चारांत तीनदा सुखरूप जाता, म्हणजे हात चांगलाच बसलाय. तशा तीन फटी एका ओळीत आल्या तर एका फेकीत तिन्ही पार होण्याची शक्यता 64 मध्ये 27. निम्म्याहून जास्त वेळा ठोकर ठरलेली.

(दृश्य: पैलवान. दोन पावलं, अंगाला पीळ, फेक. ठक्क.)

"ताई, फटच दिसंना झालीया."

"दिसती की. तू झाडाकडं बघालायस."

ताई बँकेत नोकरीला आहेत. या कोर्सवर त्यांचा स्कोअर बहुतेक वेळा सगळ्यांत कमी असतो आणि त्यांची फेक सगळ्यांत आखूड. यात विरोधाभास नाही, डिस्कच तशा बनतात. धारदार कडेची डिस्क, जिला ड्रायव्हर म्हणतात, ती लांब जाते. 1983 मध्ये इनोव्हा कंपनीनं अशी उतरत्या कडेची पहिली डिस्क आणली आणि अंतरं एकदम वाढली. पण ड्रायव्हरला पुरेसा वेग लागतो. तो मिळाला नाही तर ती हट्टानं बाजूला वळते. उजव्या हाताच्या माणसानं छातीवरून बाहेर झटकलेली डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरते, वेग संपत आला की डावीकडं कलते. झाडीत हे कलणं म्हणजे खोड. जाड, बोथट कडेची पटर डिस्क हळू जाते, पण बराच वेळ सरळ जाते. ताई टीवरूनसुद्धा पटरच काढतात. पैलवान पिशवीतली सगळ्यांत वेगवान डिस्क काढतो, कारण ती आहे.

(दृश्य: सागाची वाळलेली पानं. ताई काठीनं पानं उलटतात.)

फेब्रुवारी-मार्चमध्ये साग पानं टाकतो. एकेक पान सुपाएवढं. डिस्क जमिनीवर घसरत येते आणि त्या पानांखाली शिरते, वर काही दिसत नाही. नियमानं शोधायला तीन मिनिटं. नाही मिळाली तर एका फेकीचा दंड आणि मागच्या जागेवरून पुन्हा. म्हणून इथं कुणी तपकिरी किंवा हिरवी डिस्क घेत नाही. गुलाबी, फिकट निळी, पांढरी. आणि पानांत हात घालायचा नाही, ही या गटाची स्वतःची सक्त अट. घोणस अशाच पाचोळ्यात निवांत पडून असते.

चौथा होल. यासाठीच लोक शहरातून इथं येतात आणि वैतागून परत जातात.

लांबी साधारण 95 मीटर. पहिले पन्नास मीटर सागाची गल्ली, वर फांद्या इतक्या खाली की उंचावरून काढायची सोयच नाही. मग कळकाचं बेट आडवं येतं आणि वाट डावीकडं वळते. बास्केट जांभळाखाली, आणि जांभळाच्या मागं जांभ्या दगडाचा उतार. टाकलेली डिस्क जरा लांब गेली, कडेवर उभी राहिली, की घरंगळत खाली करवंदीत.

ताईंची पहिली फेक गल्लीच्या तोंडाशी थांबते, पन्नासला थोडी कमी. बघणाऱ्याला वाटतं, ही काय फेक झाली? पण तिथून कळकाची कड दिसते आणि डावीकडचा कोन मोकळा होतो. दुसरी फेक त्या कडेनं निघते, वेग संपताना आपोआप आत वळते आणि जमिनीलगत सपाट उतरते. बास्केट सात-आठ पावलांवर.

पैलवानाची दुसरी फेक उतारावर. डिस्क करवंदीच्या पोटात.

(दृश्य: पैलवान जाळीसमोर वाकून उभा.)

आता नियम बघा. डिस्क जिथं पडली, तिच्या मागच्या 20 बाय 30 सेंटिमीटरच्या चौकटीत शरीराचा एक तरी टेका हवा. फांदी मोडायची नाही, वाकवून बाजूला धरायची नाही. जिथं झाडाला सगळ्यांत कमी धक्का बसेल तसंच उभं राहायचं. पैलवान गुडघ्यावर बसतो. काटा लागतो. शिवी येते, ती आपण संकलनात काढली आहे. मग डिस्क उलटी धरून, खांद्याच्या मागून, जेमतेम बारा मीटर. पण बाहेर. अशा जागी बास्केटकडं बघायचं नसतं, मोकळ्या वाटेकडं बघायचं असतं. इलिनॉयमधल्या मॉर्टन गावात नॉर्थवुड ब्लॅक नावाचा झाडीतला कोर्स आहे, तिथं व्यावसायिक खेळाडूही वाट चुकली की असंच मुकाट्यानं आडवं फेकून आधी वाटेवर येतात.

कुणी विचारेल, वर पन्हाळ्यावरच एवढी झाडी असताना हा खटाटोप इथं कशाला? गड 2025 पासून मराठा लष्करी भूप्रदेशांचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथं चकत्या फेकायच्या नाहीत, विषय संपला. देवराईत तर नाहीच. खासगी जागा, मालकाची परवानगी, आणि टीजवळच्या खोडांना काथ्याची दोरी गुंडाळलेली, कारण सगळ्यांत जोराचा मार त्यांनाच बसतो.

(दृश्य: जागेचे मालक, सगळे त्यांना मामा म्हणतात. हातात कोयता.)

दोरीची अट मामांची. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "झाडं माझी इकायला हाईत, खेळाय न्हाईत." साल सोललेल्या खोडाला व्यापारी भाव पाडतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे. तरी रविवारी ते येतात, चौथ्या होलच्या दगडावर बसतात आणि कोण कुठं आपटणार ते आधीच बोलतात. बहुतेक वेळा बरोबर.

आज मामांनी दोन सागांना गेरूनं खूण केलीये. परवानगी आली की हे दोन तोडायचे. दोन्ही चौथ्या होलच्या गल्लीतले, नेमके फटीचे.

पैलवान हरखला. "मामा, लवकर तोडा. होल सोपा हुतोय."

ताईंनी बास्केटच्या जागेपासून जांभळांच्या आत पावलं टाकायला सुरुवात केली. तीस पावलांवर थांबून जमिनीत काठी रोवली. "मग बास्केट हितं आणूया."

"ताई, तिथं ऊनबी पोचत न्हाई."

"पटर पोचती."

मामांनी काठीकडं बघितलं, वर जांभळाकडं बघितलं आणि नवी अट घातली: मे महिन्यात जांभूळ धरलं की या होलवर खेळ बंद.