कोमट म्हणजे नक्की किती?

(दृश्य : टेबलावर तीन भांडी)

डाव्या भांड्यात सोसवेल इतकं गरम पाणी, उजव्यात गार, मधल्यात कोमट. एक हात गरमात, दुसरा गारात. मिनिटभर थांबायचं. आता दोन्ही हात मधल्या भांड्यात.

डावा हात म्हणतो, गार आहे. उजवा म्हणतो, छे, चांगलं ऊन आहे. दोन्ही हात एकाच माणसाचे, बरं का! तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी सतराव्या शतकातच हा पेच मांडला होता.

आपल्या कातडीत थर्मामीटर नाही. तिथे मज्जातंतूंची टोकं आहेत आणि त्यांवर प्रथिनांच्या बारीकशा खिडक्या. टीआरपीव्ही-१ नावाची खिडकी साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडते. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेला ती सापडली, तीही मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढताना. कॅप्सेसिनही तीच खिडकी उघडतं. तिखटाने तोंड ‘भाजतं’ ते म्हणूनच. गारव्याची खिडकी वेगळी. तिला मेंथॉल फसवतं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना मिळालं, ते तापमान आणि स्पर्श टिपणाऱ्या अशाच खिडक्यांच्या शोधासाठी.

(दृश्य : दोरीवर वाळत घातलेले कपडे)

खिडकी उघडली की निरोप मज्जारज्जूतून मेंदूत जातो. पण निरोपाचा अर्थ लावायचा कसा, हे मेंदू अनुभवाने शिकतो. ओलेपणाचंच घ्या. माणसाच्या कातडीत ओलावा ओळखणारी वेगळी यंत्रणा सापडलेली नाही. गारवा आणि स्पर्श यांची सांगड घालून मेंदू ‘ओलं’ असा अंदाज बांधतो. म्हणून तर थंडीत दोरीवरचा सदरा वाळलाय की दमट आहे, हे चाचपूनही कळत नाही.

आता डोळे मिटा आणि फक्त ऐका.

(ध्वनी : पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज. क्षणभर शांतता. पुन्हा तसाच आवाज.)

यातलं गरम कोणतं?

बहुतेकांना ओळखता येतं. गरम पाणी जरा पातळपणे वाहतं, त्यामुळे त्याचा आवाज बदलतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आणि आपल्याला हे येतं, याचाही पत्ता नसतो.

पहिलं गार होतं. दुसऱ्याची वाफ अजून निघतेय.