वर मजला चढवू की नवं घर घेऊ? आधी खड्डा खणा!

राम राम मंडळी! मागचा व्हिडिओ गच्चीच्या गळतीवर होता. आणि खाली प्रश्न काय? "दादा, गावातलं घर वाढवू की जळगावला फ्लॅट घेऊ?" गळतीचं कोणी विचारलंच नाही भो. बरं, चला, आज हेच.

खोल्या किती लागतात, पोरांची शाळा कुठे, रोजचं अप-डाऊन जमतं का, हे तुमचं तुम्हाला कळतं. बांधकामाची परवानगी काढायची, हेही माहीत आहे. फक्त एक: ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. कर्ज काढायचं असेल तर बँकेत पहिली गाडी तिथंच अडते. झालं, पुढे.

आता माझं दुखणं. घर वाढवायचं म्हटलं की लोक आधी टाइल्स बघायला जातात. अहो, आधी पाया बघा! भिंतीलगत तीन बाय तीन फुटांचा खड्डा घ्या, पायाचा तळ दिसेपर्यंत. तळाच्या खाली उकरू नका. सोबत इंजिनिअर उभा करा. पाऊस लागायच्या आत काम उरका आणि खड्डा नीट ठोकून बुजवा. पाया किती रुंद, मुरमावर टेकलाय की काळ्या मातीतच सोडलाय, तेव्हा कळतं.

एक कमेंट होती, "माझ्या गच्चीवर कॉलमचे गज सोडलेत, मग खड्डा कशाला?" दादा, ते गज पंधरा वर्षं पावसात गंजतायत. आणि गज काय सांगतात? वडिलांची वर मजला बांधायची इच्छा होती, एवढंच. खाली फुटिंग, म्हणजे कॉलमच्या बुडाचा रुंद पाया, किती घातलं, हे गजाला काय माहीत! आणि घर मातीच्या नाहीतर विटांच्या भिंतींवर उभं असेल, कॉलमच नसतील, तर सगळा भार भिंतीवर येतो. तिथं मिस्तरी "होऊन जाईल" म्हणाला, म्हणून स्लॅब टाकू नका.

"वर नाही चढवत, मागे एक खोली काढतो," असंही बरेच जण म्हणतात. तीच तर आमची कथा. आमच्या गावाकडच्या घराला मागे खोली काढली. मिस्तरीने जुन्या भिंतीला दात पाडून नवी भिंत त्यात गुंतवली. तेव्हा मला वाटलं, वा, काय मजबूत! दुसऱ्या पावसाळ्यानंतर बरोब्बर सांध्यावर उभी चीर. सिमेंट भरलं, परत उघडली. तीनदा भरलं. शेवटी आईने त्यावर कॅलेंडर टांगलं.

कारण साधं आहे. आपल्या तापीकाठची काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. वावरात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती घराखाली आहे. जुनं घर बसायचं तेवढं बसलेलं असतं, नवी खोली आता बसणार. दोघांना गच्च बांधलं की कुठंतरी तुटणारच. म्हणून नवीन खोलीचा पाया वेगळा घ्या, मध्ये सांधा मोकळा सोडा. माती खोलवर काळीच असेल तर इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइलचं विचारा, म्हणजे खाली फुगवटा असलेले खांब. खर्च वाढतो, हो. पण खड्डा न घेता हा खर्च कळणार कसा? आणि तो कळल्याशिवाय फ्लॅटशी तुलना कशाशी करताय?

आता फ्लॅटवाले. चाळीस लाखांचं घर चाळीस लाखांत पडत नाही. शहरात मुद्रांक शुल्क साधारण 6 टक्के धरा, म्हणजे 2 लाख 40 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सूट आहे, तेवढे चाळीस हजार वाचतात. आणि बिल्डरला माती परीक्षणाचा अहवाल मागा. शहरात गेलात म्हणून खालची माती बदलत नाही!

एक ताई म्हणतात, "वरचा मजला झाला की मुलांना स्वतंत्र खोल्या." होतील ना. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खोलीत ओकतो. आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने मजला चढवला, आता उन्हाळ्यात सगळं घर खाली जुन्या मातीच्या भिंतीच्या खोलीत झोपतं. वरचा मजला हिवाळ्यात भरीत पार्टीला कामी येतो. भरीत झकास असतं, ते सोडा.

अमळनेरहून एका दादांनी भिंतीच्या चिरेचा फोटो पाठवलाय, "घर विकू का?" दादा, फोटोवरून मी काय सांगणार! चिरेवर आडवी पीओपीची पातळ पट्टी लावा, पेन्सिलीने तारीख टाका. आज एक फोटो, पोळ्याला एक, आणि पुढच्या मे महिन्यात एक. पट्टी तुटली तर चीर अजून चालू आहे. मग इंजिनिअरला घेऊन तिथंच, त्या भिंतीच्या बुडाशी, खड्डा घ्या. घर विकायचं त्यानंतर बघू.