बोट दाखवा आणि जेवा: गल्लीतल्या फिलिपिनो दुकानात काय घ्यायचं?

नमस्कार मंडळी! हा वास तुमच्यापर्यंत पोचवता आला असता तर मला आज काही बोलावंच लागलं नसतं. (वाडग्याचं झाकण उघडते.) चिंच, टोमॅटो, मुळा, वर एक अख्खी हिरवी मिरची. डोळे मिटले तर वाटतं, आईनं सार केलंय. पण याचं नाव सिनिगांग, आणि हे मी आत्ता दहा मिनिटांपूर्वी आमच्या गल्लीतल्या फिलिपिनो दुकानातून आणलंय.

मी राहते अमेरिकेत, जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरजवळ. इथल्या न्यूआर्क अॅव्हेन्यूवरचा ‘इंडिया स्क्वेअर’ तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. शनिवारी किराणा भरायला सगळे तिथेच भेटतात. पण त्याच रस्त्याला फिलिपिनो बेकऱ्या आणि खानावळीही आहेत, आणि तिथे आपली माणसं फारशी दिसत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. शहरात एका रस्त्याचं नावच मनिला अॅव्हेन्यू आहे, इतके हे लोक इथे रुजलेत. फिलिपिनो नर्सेस १९४८ पासून एका सरकारी योजनेतून अमेरिकेत येऊ लागल्या. पुढे १९६५ च्या कायद्यानं देशागणिक कोटा ठरवायची जुनी पद्धत मोडली आणि त्यांच्यासाठी, आपल्यासाठी, दोघांसाठीही दार उघडलं. म्हणजे एकाच कायद्यानं आलेले आपण शेजारी, पण एकमेकांच्या ताटातलं काही माहीत नाही.

तर आत शिरल्यावर काय होतं ते सांगते. काचेमागे गरम पाण्यावर ठेवलेले दहा-बारा ट्रे. बऱ्याचदा पाट्या नसतात, असल्या तरी नावं कळत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर बर्फ पडत होता, मागे रांग होती, आणि मी नुसती उभी. शेवटी एका ट्रेकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. मग कळलं की हीच इथली रीत! अशा दुकानाला फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत म्हणतातच ‘तुरो-तुरो’. तुरो म्हणजे बोट दाखवणं. हे हवं, ते हवं. त्यामुळे लाजू नका.

काउंटरवरच्या ताईंना हाक मारायची ‘आते’. तागालोगमध्ये आते म्हणजे मोठी बहीण. आपल्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण, पण माया तीच. पुरुष असेल तर ‘कुया’, मोठा भाऊ. आणि बोलताना शेवटी ‘पो’ लावायचं, ते आपल्या ‘अहो-जाहो’सारखं. ‘सालामात पो’ म्हणजे आभारी आहे. एवढं म्हटलंत की वाढणारा हात सैल होतो, हा माझा अनुभव.

आणखी एक शब्द हवाच: उलाम. भाताबरोबर जे खायचं ते उलाम. इंग्रजीत याला एका शब्दात काही म्हणता येत नाही, पण आपल्याला समजवायला लागत नाही. कालवण! ‘आज कालवण काय?’ हा प्रश्न मालवणात विचारा नाहीतर मनिलात. म्हणून हे पदार्थ नुसते खाऊन बघू नका. भात घ्या. नुसते खाल्ले तर खारट, आंबट लागणारच. ते भातासाठीच केलेले आहेत.

आता आंबटाकडे येते, कारण खरं तर त्याच्यासाठीच हा व्हिडिओ केलाय. फिलिपिनो जेवण म्हटलं की लोक लुंपिया मागवतात, म्हणजे बारीक, कुरकुरीत रोल, आणि पान्सित म्हणजे नूडल्स. दोन्ही छान आहेत, पण दोन्ही चिनी व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेलेले. तेवढं खाऊन ‘अरे, हे तर चायनीजच’ म्हणून परत येऊ नका. या जेवणाचा जीव आंबटात आहे.

सिनिगांगच घ्या. चिंच तर असतेच, पण तिकडे पेरू, कच्चा आंबा, आणि बिलिंबीही घालतात. हो, कोकणात आणि गोव्यात परसात असते तीच बिलिंबी! डुकराचं मांस नको असेल तर कोळंबीचं मागा किंवा माशाचं. त्यात अळकुड्या असतात, त्या शिजून मऊ पडतात आणि रसाला दाटपणा येतो. हा वाडगा वेगळाच बांधून घ्या, भाताच्या डब्यात ओतू देऊ नका.

दुसरा अडोबो. (चमच्यानं तुकडा उचलते.) चिकन, व्हिनेगर, सोया सॉस, भरपूर लसूण, काळी मिरी, तमालपत्रासारखं एक पान. बस. मसाला नाही, कांद्या-खोबऱ्याचं वाटण नाही, आणि तरी इतकी चव! नाव स्पॅनिश आहे. स्पेननं तिथे १५६५ पासून १८९८ पर्यंत राज्य केलं. पण व्हिनेगरमध्ये शिजवायची पद्धत त्या लोकांची आधीपासूनची. १६१३ साली सान बुएनाव्हेंतुरा नावाच्या पाद्र्यानं तागालोग शब्दकोश छापला, त्यात त्यानं याला ‘इथल्या लोकांचा अडोबो’ असं म्हटलं. गोव्यात नेमकं उलटं झालं. तिथे पोर्तुगीजांबरोबर व्हिनेगर-लसणीचा पदार्थ बाहेरून आला आणि गोवेकरांनी त्यात मिरच्या-मसाले घालून त्याचं विंदालू केलं. फिलिपिन्समध्ये पदार्थ घरचा, नाव तेवढं बाहेरचं. गोव्यातलं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल आवडणाऱ्यांनी ‘दिनुगुआन’ जरूर घ्यावं. काळपट दिसतं, कारण डुकराच्या रक्तात आणि व्हिनेगरमध्ये शिजवतात. ज्यांना चालत नाही त्यांनी तो काळा ट्रे लक्षात ठेवावा आणि पुढे सरकावं.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. व्हिनेगरला तागालोगमध्ये म्हणतात ‘सुका’. ऐकल्यावर आपल्याला सुका जवळा आठवतो, पण याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हा शब्द मलय भाषेतल्या ‘चुका’वरून आला, आणि तो संस्कृत ‘चुक्र’वरून. चुक्र म्हणजे आंबट. त्याच चुक्रवरून मराठीत काय आलं? चुका! अळूच्या फदफद्यात घालतो तो आंबट चुका! मंडईत वीस वर्षं चुक्याच्या जुड्या घेतल्या आणि हे मला कळलं जर्सी सिटीत, व्हिनेगरच्या बाटलीपाशी. असे आपल्या ओळखीचे शब्द तागालोगमध्ये आणखीही आहेत: चेहऱ्याला ‘मुखा’ म्हणतात, आणि शिक्षकाला ‘गुरो’. डब्यात कोपऱ्यात ही कच्च्या पपईची आंबटगोड कोशिंबीर दिसतेय? तिचं नाव ‘आचारा’. अचारच की!

अळूवरून आठवलं, ‘लाइंग’ दिसलं तर सोडू नका. वाळवलेली अळूची पानं नारळाच्या दुधात आणि मिरच्यांत शिजवतात. बिकोल भागातला पदार्थ, तिखट. शुक्रवारी गेलात तर मुगाची आमटीही मिळेल, ‘मुंगो’. कॅथलिक लोक उपासाच्या शुक्रवारी मांस टाळतात, त्यातून ही सवय पडली.

शाकाहारी मंडळींना मात्र मी खोटी आशा दाखवणार नाही. लाइंगमध्ये, मुंगोमध्ये, अगदी कारलं-भेंडी-वांग्याच्या ‘पिनाकबेत’मध्येही बहुधा कोळंबीची खारवलेली चटणी, सुकी मासळी किंवा डुकराचे तुकडे असतात. प्रत्येक वेळी विचारा. ‘कारे-कारे’ शेंगदाण्याच्या रश्शात असतं म्हणून भुलू नका, त्यात बैलाची शेपटी असते. तुम्ही निर्धास्तपणे ‘तुरोन’ घ्या: केळं आणि फणसाचा गरा पातळ पारीत गुंडाळून साखरेत तळलेला. आणि जांभळ्या रंगाचं काही दिसलं तर ते ‘उबे’. रंग घातलाय असं मलाही वाटलं होतं. उबे म्हणजे आपलं कोनफळ! त्याचा आटवून हलवा करतात, आइस्क्रीम करतात, पावात भरतात.

जायचं कधी? दुपारी बाराच्या सुमाराला. ट्रे नुकते भरलेले असतात. डुकराचं कुरकुरीत तळलेलं काही घेतलंत तर डब्याचं झाकण घरी येईपर्यंत थोडं उघडं ठेवा, नाहीतर वाफेनं मऊ पडतं. अडोबो जास्तीचा घ्या. दुसऱ्या दिवशी तो मुरलेला असतो, आणि उरलेल्या भाताला लसणीची फोडणी दिलीत, वर एक अंडं तळून ठेवलंत, की तो त्यांचा सकाळचा नाश्ता. फोडणीच्या भाताला ते ‘सिनांगाग’ म्हणतात.

आज निघताना आतेनं विचारलं, एवढं सूप एकटीला? म्हटलं, नाही, माझ्या लोकांना दाखवायचंय. तिनं वाडग्यात आणखी दोन कोळंब्या टाकल्या. त्या या बघा. आता मी जेवते.