कॉलेज सोडून मेकॅनिक व्हायचंय? आधी कागद बघू, मग पाना उचलू

नमस्कार मंडळी. मागं जो आवाज येतोय तो शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा. त्याला बंद कर म्हणायची माझी हिंमत नाही, तेव्हा आज त्याच्यासकट ऐका.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगा वडिलांची स्प्लेंडर घेऊन आला. टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपा दाबणारा भाग, वाजत होतं. मी काम करत होतो आणि हा शेजारी उकिडवा बसून बघत होता. बाकीची पोरं अशा वेळी मोबाईल काढतात. यानं काढला नाही. अर्ध्या तासानं म्हणाला, "दादा, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मन लागत नाही. सोडून तुमच्याकडं अप्रेंटिस म्हणून आलो तर?"

मी म्हणालो, माझ्याकडं आलास तर कॉलेज नक्की सुटेल, पण अप्रेंटिसशिप होणार नाही. तो बघतच राहिला. त्याला वाटत होतं, गॅरेजवर काम शिकायला राहिलं की झाली अप्रेंटिसशिप. बहुतेकांना तसंच वाटतं, मलाही वाटलं होतं. सगळा घोळ तिथंच आहे, म्हणून आजचा व्हिडिओ.

शिकाऊ उमेदवारी ही कायद्यातली गोष्ट आहे. १९६१ चा अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट. त्यात मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि तो अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर नोंदवला जातो. ठरलेलं विद्यावेतन मिळतं. शेवटी ट्रेड टेस्ट असते आणि ती पास झालास की एनएसी हातात पडतं, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं आहेत, तिला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मालकाची मर्जी. माझ्या गॅरेजात मी आणि दोन पोरं. आम्ही या हिशेबात बसतच नाही. मी तुला काम शिकवीन, जेवायच्या डब्यातली भाकरी देईन, पण सही-शिक्क्याचा कागद देऊ शकत नाही.

आता माझंच सांगतो. मी बीकॉमचं दुसरं वर्ष डिसेंबरात सोडलं. रागात सोडलं, हे आज कबूल करतो. अकाउंट्सच्या पेपरात दुसऱ्यांदा लटकलो होतो आणि घरी रोज शाब्दिक मार पडत होता. डिसेंबरात का, तर तेव्हा राग आला म्हणून! आणि आयटीआयचे प्रवेश सुरू होतात दहावीच्या निकालानंतर, उन्हाळ्यात. म्हणजे मधले कित्येक महिने मी कुठलाच नव्हतो. एका गॅरेजवर लागलो. पहिले तीन महिने डिझेलमध्ये पार्ट धुणं, पाने पुसणं, चहा आणणं. मग हळूहळू ब्रेक शू, क्लच प्लेट. प्रवेशाची वेळ आली तेव्हा उस्ताद म्हणाले, आता कुठं हात बसतोय, कशाला जातोस. राहिलो. अडीच वर्षं राहिलो. हात खरंच बसला. मग एका मोठ्या कंपनीत जागा निघाल्या, गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, एनटीसी, म्हणजे आयटीआयचं प्रमाणपत्र, आहे? एनएसी? मी म्हणालो, मॅडम, इंजिन खोलून दाखवतो. त्या म्हणाल्या, "पुढचा."

त्यांची चूक काहीच नव्हती. शेवटी बाविसाव्या वर्षी आयटीआयला प्रवेश घेतला. वर्गातली सगळी पोरं सोळा-सतराची, मला काका म्हणायची. आयटीआयच्या या ट्रेडला वयाची वरची अट नाही, हे माझं नशीब.

तेव्हा कॉलेज सोडायचंच असेल तर कॅलेंडर समोर ठेवून सोड. आणि सोडण्याआधी आतून काय घेऊन बाहेर पडता येतं ते बघ. नव्या शैक्षणिक धोरणाखाली तुझा प्रवेश झाला असेल तर पास झालेल्या विषयांचे क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे तुझ्या नावाच्या ऑनलाइन खात्यात, जमा असतात. पहिलं वर्ष पूर्ण आणि वर चार जादा क्रेडिट, म्हणजे उन्हाळ्यातली इंटर्नशिप किंवा कौशल्याचा कोर्स, एवढं केलंस तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. दोन वर्षं झाली आणि तसेच चार क्रेडिट केले तर विद्यापीठाचा डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळी पदवी सात वर्षांत संपवायची. चौथ्या सेमिस्टरच्या तोंडावर उभा असशील तर बाबा, ते चार महिने काढ. शिव्या घालत काढ, पण काढ. शिवाय बारावीचा मूळ दाखला कॉलेजात अडकलेला असतो. तो हातात आल्याशिवाय पुढं कुठंच हलता येत नाही.

पुढचा रस्ता कसा? आयटीआयला आपला ट्रेड म्हणजे मेकॅनिक मोटर व्हेईकल, दोन वर्षांचा. मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा. प्रवेश दहावीच्या मार्कांवर, म्हणजे बारावीला काय दिवे लावले ते इथं कुणी विचारत नाही. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप साधारण एक वर्ष. एसटी घेते, वाहन कंपन्या घेतात, मोठ्या शोरूमची वर्कशॉप घेतात. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीला आहे, चिकलठाण्याला आहे, नागपूरजवळ हिंगण्याला आहे, आणि डेपोंतही उमेदवार असतात. डेपोत पिटमध्ये उभं राहून बस खालून बघणं काय असतं ते एकदा बघच. आयटीआय न करता थेट फ्रेशर म्हणूनही उमेदवारी होते, पण तिथं मूलभूत प्रशिक्षण आधी घ्यावं लागतं आणि जागा शोधाव्या लागतात.

पैसे. २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन बारावी झालेल्याला महिना ७,०००. दोन वर्षांचा आयटीआय करून गेलास तर ८,०५०. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेनं यात ३६ टक्के वाढ करायची शिफारस केली होती, तेव्हा अर्ज करताना जाहिरातीतला ताजा आकडा बघ. कंपनी किमानपेक्षा जास्त देऊ शकते. पण पुण्यात कॉट बेसिसवर राहून, मेस लावून यात काय उरतं याचा हिशेब आधी आईबरोबर बसून कर. वडिलांबरोबर नको, ते अर्ध्यात उठून जातात.

आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. अप्रेंटिस हा कायद्यानं कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नसतं. काही ठिकाणी ठेवून घेतात, काही ठिकाणी पेढे वाटून निरोप देतात. काम करताना इजा झाली तर भरपाईची तरतूद मात्र कायद्यात आहे. हेही करार नोंदवलेला असेल तरच, हे विसरू नकोस.

आता जरा जवळ या. कॅमेरा खाली घेतो.

हे शंभर सीसीचं इंजिन. त्या पोराला मी जे दाखवलं तेच तुला दाखवतो. इंजिन गार पाहिजे, गरम इंजिनावर हे काम करायचं नाही. हे झाकण काढलं. इथून फ्लायव्हील फिरवायचं, पिस्टन वरच्या टोकाला आणायचा. आत बघ, 'टी'ची खूण समोर आली. आता हे फिलर गेज, ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा. टॅपेटची फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असते. पातं घालायचं आणि ओढायचं. सरसर निघालं तर फट जास्त, अडकलं तर कमी. हलकी ओढ लागली पाहिजे. कसली ओढ? ओल्या दोन काचांच्या मधून कागद ओढावा तशी. हे शब्दांत यापेक्षा जास्त सांगता येत नाही.

लागली ओढ? छान. आता नट आवळ. आवळलास? पुन्हा पातं घाल. बघ, अडकलं. नट आवळताना स्क्रू केसभर फिरतो आणि फट बदलते. म्हणजे परत ढिला कर, परत लाव, परत आवळ, परत बघ. त्या दिवशी त्या पोरानं हे सात वेळा केलं. आठव्या वेळी जमलं. त्याच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, चीड होती, आणि चीड चालते. कंटाळा आला असता तर मी त्याला तिथंच सांगितलं असतं, बीएस्सी पूर्ण कर.

मी त्याला एकच काम लावलं. शनिवार-रविवार ये, दिवाळीच्या सुट्टीत सलग ये. पैसे देणार नाही, घेणारही नाही. पहिले दोन आठवडे फक्त पार्ट धुवायचे. कारण कॉलेजचा वैताग आणि इंजिनाची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आतून दोन्ही अगदी सारख्याच वाटतात. मला वैताग होता. ओढ नंतर लागली, निव्वळ योगायोगानं. माझ्याबरोबर त्या गॅरेजवर लागलेल्या दुसऱ्याला ती कधीच लागली नाही, तो आज दुसऱ्याच धंद्यात आहे आणि सुखात आहे.

पुस्तकाला कंटाळून इकडं येणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आलं आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला. तो साफ करून, त्याचे जेट फुंकून पोट भरायचे दिवस संपत आले. आता सेन्सर, इंजेक्टर, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, आणि मग वायरिंगचा नकाशा उघडून बसायचं. तो नकाशा इंग्रजीत असतो. कोड म्हणाला ऑक्सिजन सेन्सर खराब, म्हणून नुसता सेन्सर बदलणारे खूप आहेत. दोष निघतो उंदरानं कुरतडलेल्या वायरीत. आयटीआयलाही ट्रेड थिअरी आहे, वर्कशॉप कॅल्क्युलेशन आहे, ड्रॉइंग आहे. बीएस्सीचं फिजिक्स ज्याला थोडंफार कळलं तो इथं दोन पावलं पुढं असतो. म्हणजे तुझी दोन वर्षं पाण्यात गेली असं समजू नकोस.

इलेक्ट्रिक गाड्यांचं सगळे विचारतात. क्लच नाही, टॅपेट नाही, ऑइल बदलणं नाही, हे खरं. पण ब्रेक आहेत, बेअरिंग आहेत, सस्पेन्शन आहे, आणि आपले रस्ते आहेत! बॅटरीच्या जास्त व्होल्टेजच्या भागाला मात्र प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही, तिथं उस्तादी जिवावर बेतते. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक वाहनांचा वेगळा ट्रेडही आलाय.

पालक बघत असतील तर त्यांच्याशी दोन मिनिटं. काका, काकू, तुमची भीती मला ठाऊक आहे. लग्न जमवताना "मुलगा काय करतो" या प्रश्नाला "गॅरेज आहे" म्हटल्यावर समोरची माणसं पोह्यांची बशी खाली ठेवतात, हे मी स्वतः अनुभवलंय. पण रस्ता इथं बंद होत नाही. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. बारावी सायन्स झालेल्यालाही करता येतो, म्हणजे बीएस्सी सोडणाऱ्यानं हा पर्याय आयटीआयच्याही आधी तपासावा. आरटीओतल्या सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या परीक्षेला ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा लागतो, नुसती बीएस्सी तिथं चालत नाही. आणि पदवी हवीच असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मी तिथूनच बीकॉम केलं. अकाउंट्समध्ये यावेळी ५८ मिळाले, कारण तोवर स्वतःच्या गॅरेजची उधारी लिहून लिहून डेबिट-क्रेडिट अंगात भिनलं होतं.

अंगाचंही सांगायला हवं. माझं वय एक्केचाळीस. सकाळी उठलो की कंबर आधी बोलते, मग मी. बोटांच्या भेगांतलं काळं सणाला साबण लावूनही जात नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक निम्मं. हे ऐकून ज्याचा बेत ढिला झाला, त्याचं भलं झालं असं मी समजेन.

तो पोरगा? त्यानं कॉलेज अजून सोडलेलं नाही. चौथी सेमिस्टर देतोय, उन्हाळ्यात चार क्रेडिटचा कोर्स करणार आहे, आणि पुढं पॉलिटेक्निक की आयटीआय यावर घरी अजून वाद चालू आहे. शनिवारी येतो. गेल्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या गाडीचं टॅपेट एकट्यानं लावलं. मी मुद्दाम बघितलं नाही. गाडी सुरू झाली, थोडी रेस झाली, गेटापर्यंत गेली, आणि मला ती टकटक ऐकू आली. मी काही बोलायच्या आत तो धावत गेला आणि गाडी परत आणली. नट आवळल्यावर पुन्हा पातं घालायला विसरला होता. गिऱ्हाईक वैतागलं, म्हणालं, लवकर कर, मला जायचंय. पोरगा म्हणाला, "काका, इंजिन गार होऊ दे. तोवर चहा सांगतो." आणि चहाचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले.