'सेटल' झाल्याचं इंग्रजीत कसं सांगाल?

नमस्कार श्रोतेहो. कुणी कायमचं परदेशी गेलं की आपण म्हणतो, ‘तो तिकडे सेटल झालाय.’ इंग्रजीत बोलतानाही तेच वाक्य उचलतो: ‘ही शिफ्टेड टु कॅनडा अँड सेटल्ड.’ समोरच्याला समजतं, पण तिथला माणूस असं बोलत नाही. राहतं ठिकाण बदलण्यासाठी त्याच्याकडे साधा ‘मूव्ह’ आहे. ‘ही मूव्ह्ड टु कॅनडा फॉर गुड.’ यातल्या ‘फॉर गुड’चा चांगल्या-वाईटाशी संबंध नाही, कायमचं, एवढंच.

‘सेटल’ मात्र जपून वापरावा. ‘सेटल इन’ म्हणजे नव्या जागी रुळणं, तर ‘सेटल डाऊन’मध्ये लग्न, घर, स्थिरस्थावर होणं येतं. ब्रिटनमध्ये तर ‘सेटल्ड’ कायद्यातही आहे. तिथे कायम राहण्याच्या मुभेला ‘इंडेफिनिट लीव्ह टु रिमेन’ म्हणतात. ही ‘लीव्ह’ रजा नव्हे आणि निघून जाणंही नव्हे, ती परवानगी. ‘लीव्ह’ आणि ‘रिमेन’ शेजारी बसवणाऱ्या कायदेपंडितांना दंडवत!

आता ‘एमिग्रेट’ आणि ‘इमिग्रेट’. उच्चार इतके जवळचे की घाईत बोललं तर फरक कळतही नाही. मूळ लॅटिन, ‘ए’ म्हणजे बाहेर, ‘इन’ म्हणजे आत. माणूस एकच, प्रवासही एकच. सुटलेल्या देशाकडून पाहिलं तर तो एमिग्रंट, पोचलेल्या देशाकडून पाहिलं तर इमिग्रंट. म्हणून ‘एमिग्रेट फ्रॉम पोलंड’ आणि ‘इमिग्रेट टु कॅनडा’ या जोड्या तोंडात बसवा. ‘एमिग्रेट टु’ही चालतं, पण त्यात मन निघालेल्या देशापाशी असतं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी भाषेत या भानगडीऐवजी बहुधा सरळ ‘मायग्रंट’ येतं.

बोलताना चूक झाली तर फारसं बिघडत नाही. कागदावर बिघडतं. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याला शेजारीपाजारी खुशाल इमिग्रंट म्हणतील, पण त्या व्हिसाचा कायदेशीर वर्ग ‘नॉन-इमिग्रंट’ आहे, मग वास्तव्याला कितीही वर्षं होवोत. ग्रीन कार्ड मिळालं की तो ‘लॉफुल पर्मनंट रेसिडेंट’ होतो. कॅनडात याच पायरीला पूर्वी ‘लँडेड इमिग्रंट’ म्हणत. आता तिथेही ‘पर्मनंट रेसिडेंट’च म्हणतात. जुनी मंडळी अजून ‘लँडेड’ म्हणताना ऐकू येतील.

पण रेसिडेंट म्हणजे सिटिझन नव्हे. नागरिकत्व घेण्याला ‘नॅचरलायझेशन’ म्हणतात, आणि अमेरिकेत त्यासाठी ग्रीन कार्डानंतर साधारणपणे 5 वर्षं थांबावं लागतं. तोवर अर्जात ‘कंट्री ऑफ सिटिझनशिप’ असा रकाना आला, तर त्यात पासपोर्ट ज्या देशाचा, त्याच देशाचं नाव लिहायचं. ग्रीन कार्ड खिशात असलं तरीही. नमस्कार.