गढूळ इन्सुलिनमधला मासा

(दृश्य: दोन तळहातांमध्ये हलकेच घोळवली जाणारी इन्सुलिनची कुपी)

ही कुपी जोरात हलवायची नसते, घोळवायची असते. तळाशी बसलेला पांढरा साका सगळीकडे सारखा मिसळला, की मगच सिरिंज भरायची. ३०/७० नावाचं मिश्र इन्सुलिन घेणाऱ्या असंख्य भारतीय घरांत हे रोज घडतं. या पांढऱ्या साक्यात इन्सुलिनबरोबर आणखी एक प्रथिन असतं, प्रोटामाइन. ते येतं सामनसारख्या माशांच्या नराच्या वीर्यातून.

दूध, मध, तूप सगळं सोडलेला व्हीगन तरुण असो, गळ्यात माळ असलेले वारकरी आजोबा असोत की जैन घरातली आजी, आपल्या शरीरात काय जातंय हे जाणून घ्यायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे ऐकून कुणीही आजचं इंजेक्शन चुकवू नका. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबलं, तर एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकतं.

(दृश्य: टोरांटोची जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

एकेकाळी सगळंच इन्सुलिन प्राण्यांचं होतं. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, ते गुरांच्या स्वादुपिंडाच्या अर्काचं. त्याआधी संशोधक बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. पुढे कत्तलखान्यांतून स्वादुपिंडं गोळा करून कारखाने चालू लागले. आठ औंस, म्हणजे जेमतेम पाव किलो शुद्ध इन्सुलिनसाठी डुकरांचे दोन टनांहून अधिक अवयव लागत. त्या इन्सुलिनने लाखो मुलं वाचली, हेही तितकंच खरं.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचा जनुक जिवाणूत घातला आणि १९८२ मध्ये असं इन्सुलिन बाजारात यायला परवानगी मिळाली. आता ते जिवाणू किंवा यीस्ट तयार करतात. २००३ मध्ये वोखार्ट कंपनीने भारतात विकसित केलेलं मानवी इन्सुलिन आणलं, तेही यीस्टपासूनच. म्हणून औषधाच्या दुकानात आज मिळणारं इन्सुलिन गाईचं किंवा डुकराचं असेल, ही भीती जवळपास निराधार आहे.

मग मासा कुठून आला?

साधं इन्सुलिन काही तासांत संपतं. १९३० च्या दशकात डेन्मार्कचे संशोधक हागेडॉर्न यांना आढळलं, की त्यात प्रोटामाइन मिसळलं तर ते त्वचेखाली सावकाश विरघळतं आणि बराच वेळ पुरतं. एनपीएच, म्हणजे न्यूट्रल प्रोटामाइन हागेडॉर्न, हे इन्सुलिन त्यातूनच आलं. नावातला ‘एच’ हागेडॉर्न यांचाच. ३०/७० मधला सत्तर टक्के भाग हाच असतो. काही महागड्या मिश्र पेनमध्येही प्रोटामाइन असतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे रंग. घोळवून पांढरं करावं लागत असेल, तर त्यात बहुधा प्रोटामाइन आहे.

पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं रेग्युलर, ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक या इन्सुलिनच्या प्रकारांत प्रोटामाइन नसतं. पण ग्लार्जिन आणि डेग्लुडेक महाग पडतात, आणि सरकारी दवाखान्यात बहुतेकदा ३०/७० च हातात पडतं. शिवाय प्रकार बदलला की मात्रा आणि जेवणाच्या वेळांचं गणितही बदलतं. त्यामुळे हा बदल डॉक्टरांशी बोलूनच करायचा. ज्याला तो परवडत नाही, त्याने मनात अपराधी भावना ठेवू नये. ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ अशीच अट आहे.

(दृश्य: गोळ्यांच्या पट्टीची मागची बाजू)

गोळ्यांची गोष्ट जास्त अवघड. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध कारखान्यात रसायनांपासून बनतं, त्यात प्राणी नाही. प्रश्न असतो तो गोळी बांधायला घातलेल्या पदार्थांचा. ग्लिमेपिराइड आणि व्हिल्डाग्लिप्टिन या मधुमेहाच्याच औषधांच्या अनेक गोळ्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. गोळ्यांत घातलं जाणारं मॅग्नेशियम स्टिअरेट पामतेलापासूनही होतं आणि जनावरांच्या चरबीपासूनही. हे पट्टीवर वाचायला मिळतं का? बहुतेक वेळा नाही. तिथे छापलेलं असतं फक्त ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’, म्हणजे पूरक पदार्थ गरजेपुरते. कॅप्सूलवर निदान ‘हार्ड जिलेटिन’ असं लिहिलेलं दिसतं. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातून काढलेला पदार्थ.

बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका लागतो, औषधाच्या पट्टीवर नाही. आणि तो ठिपका दुधाला शाकाहारीच मानतो, त्यामुळे व्हीगन माणसाचं त्यानेही भागणार नाही. प्रत्येक पूरक पदार्थाचं नाव आणि उगम कंपन्यांनी छापलाच पाहिजे. तोवर कंपनीला पत्र किंवा ईमेल करून विचारायचं. पट्टीवरचा बॅच नंबर त्यात द्यायचा, कारण कच्चा माल पुरवणारा बदलला की उत्तरही बदलू शकतं.

एक गोष्ट मात्र व्हीगन मधुमेहींनी पुढच्या तपासणीवर ढकलू नये. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि व्हीगन आहारात ते मुळातच जवळपास नसतं. मग पायांना मुंग्या येतात, बधिरपणा जाणवतो, आणि सगळा दोष शुगरवर जातो. रक्तातलं बी-१२ तपासून घ्या. औषधातलं बी-१२ जिवाणूंपासून तयार होतं, पण ते अनेकदा जिलेटिनच्या मऊ कॅप्सूलमध्ये भरून विकतात. दुकानात गोळी मागा, किंवा डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल विचारा.